तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत

“खाला, तू मला जेवायला घालून घालून माझं वाटोळं केलंस!”

हमीदाखालाचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. “काय म्हणलास? परत म्हण.”

“वाटोळं केलंस म्हणलो. दहा वर्षं. रोज दोन टाइम.”

“आणि चहा? त्याचं राहिलं की. तो बी लाव माझ्या नावावर.”

“चेष्टा नको करू!”

“चेष्टा कोण करायलंय? हितं तवा तापून लाल झालाय आणि हा दारात उभा राहून माझा हिशेब काढायलाय. आत ये, बस, खा. मग भांड.”

“खायचं नाही, तेच सांगायलोय! आजपासून तुझ्या घरचं काही खायचं नाही मला!”

खालानं थापलेली भाकरी अलगद उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मान न वळवता म्हणाली, “बरं.”

ती ओरडली असती तर योएलला बरं वाटलं असतं. भांडायला आलेल्या माणसाला ‘बरं’ म्हणायचं म्हणजे त्याच्या हातातली काठीच काढून घ्यायची. तो पाय आपटत परसात आला, दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून टांग टाकली आणि मामाच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. तिथं ओट्यावर दोन अंडी होती. बाकी काही नव्हतं. कधीच नसायचं.

योएल सातपुते, वय अठरा, मुक्काम मिरज, सतारमेकर गल्लीच्या मागची बोळ. नववीत असताना गणिताच्या सरांशी त्याचा वाद झाला होता. सर चुकले होते, फळ्यावर दिसत होतं, पण सरांना ते पटेना, तेव्हा दप्तर बाकावरच ठेवून हा जो वर्गातून निघाला तो परत गेलाच नाही. आता स्टेशनजवळ रिक्षांच्या बॅटऱ्या बदलायच्या केंद्रात काम करायचा. डोकं चटकन तापायचं. डोळे मात्र तेज होते.

त्याची आई सुलभा नर्स. बाप योएलला आठवतही नव्हता इतका लवकर गेला. योएल आठ वर्षांचा असताना आईला तिकडे नोकरी लागली. तिकडे म्हणजे जिथं सहा महिने बर्फ पडतं तिथं. गल्लीत त्या देशाचं नाव कुणी घ्यायचं नाही, ‘तिकडे’ म्हटलं की पुरायचं. पोराला सोबत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून कागदोपत्री योएल सॅमसनमामाच्या स्वाधीन झाला. मामा एकटा जीव, रेल्वेत पाळीवर, अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. म्हणून पहिल्याच दिवशी हमीदाखालानं भिंतीवरून हाक मारली, “योल्या, ये रे, भाकरी गार व्हायलीय.” ती हाक दहा वर्षं एक दिवस चुकली नाही. खालाला मूलबाळ नव्हतं. नवरा सतारींचे भोपळे घासायचा, तोही अल्लाकडे गेलेला.

आईची तिकडची कागदपत्रं पक्की झाली आणि तिनं पोरासाठी अर्ज केला. पहिला वर्ग : आईच्या घरातलं अविवाहित मूल. रांग छोटी, वर्षभरात व्हिसा. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली, बाई गोड बोलली, “लवकरच भेटाल आईला,” म्हणाली. योएलनं बुटांची नवी जोडी घेतली, बर्फात चालणारी. मिरजेच्या उन्हात ती घालून बघितली, घामानं पाय उकडले, तरी दोन दिवस काढली नाही.

आणि मग फोनवर निरोप आला. फोननं तो छापील मराठीत वाचून दाखवला : “मुलाखतीनंतर झालेल्या सहवास-परीक्षणानुसार अर्जदार अन्य कुटुंबाचा घटक आढळला आहे. अर्जदाराचा वर्ग पहिल्यावरून चौथा करण्यात येत आहे. अंदाजे प्रतीक्षा चौदा वर्षे.”

चौदा वर्षं. रामाला वनवासाला पाठवलं तेवढी.

*

या परीक्षणाला लोक ‘चूल-तपासणी’ म्हणायचे. ती सुरू झाली त्याचं कारण साधं होतं. कागदांवर कुणाचा विश्वास उरला नव्हता. लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांच्या साक्षी, सगळं संगणक घरबसल्या बनवून द्यायचा आणि ते खऱ्यापेक्षा खरं दिसायचं. डीएनए नुसतं रक्त सांगायचा. पण रक्ताचा असून तोंड न बघणारा बाप असतोच की. तेव्हा वकिलातींनी थेट पोटालाच विचारायचं ठरवलं.

माणसाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. गहू सगळीकडे गहूच, पण गावागावाचा वाण वेगळा, तसंच यांचं. एका परातीतली भाकरी, एका माठातलं पाणी, एका खोलीतला खोकला, यातून एका घरातले वाण एकमेकांच्या पोटात जातात आणि तिथं नांदतात. शिवाय जिवाणू एकाचे दोन होताना त्यांच्या डीएनएच्या साखळीत बारीक चुका होतात. त्या चुका पुढच्या पिढ्यांना वारशानं मिळतात. त्या मोजल्या की कुठला वाण कुठल्या घरातून आला, फांदी कुठं आणि साधारण कधी फुटली, हे मशीन सांगू शकतं. लहानपणी आईकडून आलेले वाण बरेच दिवस टिकतात, म्हणून लांब राहणाऱ्या मायलेकरांचंही जमून जायचं. पण मधल्या काळात दुसऱ्या चुलीचं रोज पोटात गेलं तर जुनी वस्ती मागे सरते आणि नवी गजबजते.

मुलाखतीआधीच्या फॉर्मात योएलला एक प्रश्न होता : तुम्ही रोज कुठे जेवता? त्यानं बिनधास्त सांगितलं होतं, ‘घरी.’ खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं अशी दोन घरं आहेत, हे त्याला त्या दिवसापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मामाची डबी घेतली, म्हणजे सकाळच्या शौचाचा नमुना, ती जुळेना. आईची घेतली, तीही जेमतेम. पोराच्या पोटात कुठलं तरी तिसरंच घर नांदत होतं.

*

सांगलीत घोरपडे म्हणून एक व्हिसावाला होता. त्याच्या टेबलावर काचेचं मोठं आतडं ठेवलेलं, पेपरवेट म्हणून.

“रडायचं नाही,” घोरपडे म्हणाला.

“कोण रडायलंय?”

“बरं, चिडायचं नाही. अपील आहे. चार महिन्यांनी परत नमुने घेतात. तोपर्यंत पोट धुऊन टाकायचं. गोळ्या आहेत, कायद्यात बसतात. आतलं सगळं साफ, कोरी पाटी. मग आईच्या नमुन्यातनं केलेल्या कॅप्सूल गिळायच्या. तिची वस्ती तुझ्या पोटात. पहिला वर्ग परत. मात्र त्या शेजारणीच्या घरचा घोट पाणी पण नको.”

“ती शेजारीण नाही. खाला आहे.”

“मशीनला खाला कळत नाही, बाळा.”

योएलनं गोळ्यांची पाकिटं खिशात घातली. घोरपडेनं सांगितलं होतं, आधी महिनाभर नुसतं पाकीटबंद खा, वस्ती थोडी मरू दे, मग गोळ्या चालू कर.

तो महिना कसा गेला म्हणून विचारू नका. स्टेशनवर पाकिटं मिळायची, गरम पाणी ओतलं की भात, गरम पाणी ओतलं की आमटी. सगळ्याला एकच चव, पुठ्ठ्याची. पहिले दोन दिवस खालानं भिंतीवर डबा ठेवला, झाकणावर दगड ठेवून, मांजरीसाठी. योएलनं तो तसाच उचलून तिच्या पायरीवर नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी डबा आला नाही. संध्याकाळी हाक आली नाही. आणि त्या हाकेच्या वेळेला, हातात पुठ्ठ्याचा भात घेऊन बसलेल्या योएलला, नको नको ते आठवायला लागलं.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो खालाच्या चुलीपाशी मुसमुसत बसला होता. खालानं समजूत वगैरे घातली नाही. तापवलेल्या दुधाचं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं. “करंगळी बुडव. सांग, झालं का कोमट?”

“मला काय माहीत?”

“तुला नाही, बोटाला विचार. बोटाला कळतंय.”

त्यानं बोट बुडवलं. चटका बसला नाही, गारही वाटलं नाही, दूध आणि बोट एकच झाल्यासारखं वाटलं. “झालं,” तो म्हणाला. मग खालानं त्यात चमचाभर विरजण घातलं, गाडगं आपल्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि म्हणाली, “आता याला झोपू दे. हलवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. सकाळी उठून बघ.” सकाळी दही लागलेलं होतं. सुरीनं कापावं असं. तेव्हापासून दुधात बोट घालायचं काम योएलचं. शाळा सुटली, हे काम सुटलं नव्हतं. आत्तापर्यंत.

*

आईचा फोन रोज सकाळी यायचा, तिची पाळी संपली की. पडद्यावर आधी खिडकीतलं बर्फ दिसायचं, मग आई. बोलणं दोन-चार वाक्यांचं, बँकेतल्यासारखं. माणूस लांब राहिलं की बोलण्याची पण सवय मोडते. गोळ्या चालू करायच्या आदल्या सकाळीही तसंच सुरू झालं.

“जेवलास का रे?”

“नाही.”

“का? हमीदा घरी नाही?”

मग त्यानं सगळं सांगितलं. निरोप आला तेव्हा नुसतं ‘अपील करायलोय’ एवढंच बोलला होता.

“पोट धुवायचं म्हणजे काय?”

“म्हणजे आतलं सगळं मारायचं आणि तुझं आत टाकायचं.”

“माझं?” आई हसली. ते हसणं त्याला आवडलं नाही. “माझ्या पोटात काय आहे, बाळा? कँटीनचं सूप आणि पाव. चूल कुठाय मला? मी आले तेव्हा विमानातनं उतरल्या उतरल्या रोगबिग आहेत का बघायला डबी घेतली होती, लाजून मेले होते मी. तेव्हा पोटात काही तरी होतं. मिरजेचं होतं. आता काय?”

“दही खात नाहीस?”

“खाते की, डब्यातलं. दही कसलं, गोड चुना नुसता.” ती थांबली. “खालाच्या दह्याला अजून तो वास येतो का रे? जरासा धुराचा, आणि तळाशी आंबूस?”

“येतो. तुला कसं माहीत?”

“मला नाही तर कुणाला? माझंच ते.”

योएलनं फोन हातात नीट धरला.

“माझ्या आईनं लग्नात दिलं होतं मला,” आई सांगायला लागली आणि तिचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला. “रुखवतात नाही, पिशवीत लपवून. सासरच्यांचं दही पातळ असतं म्हणायची. तर मी निघाले त्या दिवशी आवरता आवरता दिवे लागले. गाडग्यात वाटीभर दही उरलं. टाकवेना. भिंतीवरून हमीदाला म्हटलं, घे. ती हात मागे बांधून उभी! म्हणाली, सुलभा, तिन्हीसांजेला विरजण देऊ नये, घरची बरकत जाते. मी म्हटलं, बाई, घरातनं मीच चालले, आता बरकत राहून कुणाला वाढणार? पोरगा तुझ्याकडं, दही पण तुझ्याकडंच ठेव. तेव्हा घेतलं तिनं. रडत घेतलं.”

बॅटरी कुठली आणि कुठल्या रिक्षाची हे लांबून ओळखणारा योएल, आणि हे रोज बोटाखाली असून कळलं नव्हतं. खालानं दहा वर्षं रोज आदल्या दिवशीच्या दह्यानं पुढच्या दिवशीचं दही लावलं होतं. साखळी तुटली नव्हती. आईची चूल त्याच्याच पोटात होती. नव्हती ती आईच्या पोटात. आणि उद्या गोळ्या चालू केल्या असत्या तर त्यानं स्वतःच ती पोटातून धुऊन टाकली असती.

“आई, तुझी ती पहिली डबी, ती लोकं ठेवतात का टाकतात?”

“ठेवतात म्हणे. गोठवून. का रे?”

“सांगतो नंतर.”

*

त्या दिवशी केंद्रावर दांडी मारायची सोय नव्हती. सुटला तो थेट भिंतीवरून खालाच्या परसात. खाला लसूण सोलत होती.

“आज वाट चुकली का?” तिनं वर न बघता विचारलं.

“खाला, दही दे.”

“कसलं दही?”

तिनं फळीकडे बोट दाखवलं. गाडगं पालथं घातलेलं होतं. कोरडं ठणठणीत.

“दही लावायचं सोडलं मी. मला आंबट चालत नाही, गुडघे धरतात. ते काय माझ्यासाठी लावत होते होय? तू म्हणलास, नको. मी म्हणले, बरं.”

योएलनं गाडगं उचलून तळ बघितला. आईच्या आईचं, आईचं, खालाचं, सगळं त्यानं एका ‘नको’त पालथं घातलं होतं. त्याला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडणार? तो पायरीवर बसला आणि आईनं सांगितलेलं सगळं त्यानं खालाला सांगितलं. लसूण सोलणारा तिचा हात थांबत थांबत पूर्ण थांबला.

“सुलभाला आठवतंय ते?” ती हळूच म्हणाली. मग एकदम, “ती माळीण! शेवंता माळीण! मेली रोज विरजण मागायला यायची, स्वतःचं कधी राखायची नाही. मी लावायचं सोडल्यावर बोंब मारत होती, म्हणाली आता मलाच राखाय लागणार. पळ!”

माळीकाकूंचं घर बोळाच्या टोकाला. योएल पोचला तेव्हा त्या दारात दिवा लावत होत्या.

“काकू, विरजण द्या. चमचाभर.”

“आता? दिवेलागणीला?” काकूंनी पदर सावरला. “न्हाई मिळायचं. सकाळी ये.”

“काकू, विज्ञानाचा प्रश्न आहे!”

“असंल की. सकाळी बी विज्ञान असतंयच.”

“माझ्या व्हिसाचा प्रश्न आहे!”

“म्हणूनच म्हणते. तुझ्या आईनं त्या दिवशी दिवेलागणीला दिलं, मी हितनं बघत होते. काय झालं? बाई गेली ती गेलीच. सकाळी ये, वाटीभर देते.”

योएल रिकाम्या हातानं वळला. आईच्या घरची बरकत खरंच भिंतीपलीकडे गेली होती, आणि आता ते मशीननंसुद्धा लेखी कळवलं होतं.

तो परत आला तेव्हा खालाचा तवा तापलेला होता.

“भाकरी आहे?” त्यानं विचारलं.

“आहे. दही नाही.”

“चालतंय.”

*

सकाळी विरजण आलं. खालानं दही लावलं, बोट योएलनं घातलं. दुसऱ्या दिवशी खालानं आपल्या पांढऱ्या ओढणीचा हातभर तुकडा फाडला, उकळत्या पाण्यात घातला, वाळवला, मग घट्ट दह्यात बुडवून सावलीत पसरला. तीन दिवसांत तो पापडासारखा कडक झाला. पाणी उडून गेलं तरी जिवाणू मरत नाहीत, नुसते झोपतात. कोमट दूध मिळालं की उठून बसतात. तो तुकडा पाकिटात घालून योएलनं तिकडे पाठवला. पाकिटावर ‘कापड’ लिहिलं. खोटं काही नव्हतं त्यात.

पहिल्यांदा आईचं दही लागलंच नाही. दूध फार तापवलं होतं तिनं.

“तापमान किती ठेवू? इथं थर्मामीटर आहे माझ्याकडे,” ती रडकुंडीला येऊन विचारत होती.

“थर्मामीटर ठेव बाजूला. बोटाला विचार,” योएल म्हणाला. सूर अगदी खालाचा लागला.

अर्धा तुकडा उरला होता. दुसऱ्या खेपेला तिनं भांडं हीटरच्या नळीवर ठेवलं, स्वेटरमध्ये गुंडाळून. सकाळी फोन आला. पडद्यावर बर्फ नाही, आई नाही, नुसतं दही. मग पडद्याबाहेरून आवाज, “लागलं रे. धुराचा वास पण आहे. इथं धूर कुठनं आला?” आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढायचा आवाज. खाला भिंतीपलीकडून ओरडली, “रडू नको म्हणावं, खा म्हणावं, आंबट होतंय!”

घोरपडेला हे कळलं तेव्हा त्यानं काचेचं आतडं टेबलावर आपटलं. “गोळ्या घेतल्या नाहीस? वर त्या बाईचा नमुना पण देणार? अरे, मशीनला तिसरं घर शोधून सापडत नव्हतं, तू हाताला धरून दाखवणार!”

“तिसरं घर नाहीच आहे, सर. तेच दाखवायचंय.”

“आणि नाही दाखवता आलं तर?”

“तर चौदा वर्षं.”

हे त्यानं तोऱ्यात सांगितलं, पण बाहेर जिन्यात येऊन फोनवरचा तो निरोप परत एकदा ऐकला.

नमुने द्यायचं केंद्र कोल्हापुरात. खालाला तिथवर न्यायचं म्हणजे दिव्य होतं.

“या वयात मी डबी घेऊन आत जायचं? आणि बाहेर तो मिशीवाला बसलाय! काय म्हणेल?”

“काही म्हणत नाही. दिवसभर डब्याच बघतोय तो.”

“तू गप. तुझ्या आईला पण हेच सोसावं लागलं होय? बिचारी.”

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली. जयसिंगपूर गेल्यावर एकदम म्हणाली, “म्हणजे माझी डबी जुळली की तू जाणार.”

“होय.”

“आणि नाही जुळली तर राहणार.”

“...होय.”

“वा.” ती बाहेर उसाकडे बघत राहिली. “मग घरीच का नाही सांगितलंस रे? मी काल मुद्दाम बाहेरचं काहीतरी अरबट चरबट खाल्लं असतं.”

योएलला हसू आलं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. तिनं बाहेरचं काही खाल्लं नव्हतं. महिनाभर, गुडघे धरले तरी, ती त्याच्याबरोबर वाटी वाटी दही खात होती.

*

या वेळी मुलाखतीला बाई नव्हती. पोपटी टाय लावलेला तरुण अधिकारी होता. तो त्याच्या भाषेत बोलायचा, टेबलावरचं यंत्र मराठीत.

“तुमच्या आईच्या पोटातली ही वस्ती अगदी ताजी आहे. इतकी अचानक कशी आली?”

“पाठवली.”

“कशी?”

“ओढणीच्या तुकड्यावर.”

“परीक्षणाला फसवण्यासाठी?”

योएलचे कान तापले. नववीतला फळा डोळ्यांपुढे आला. उठून निघून जायला पाय शिवशिवले. पण या वेळी दप्तर ठेवून निघालं तर परत यायला चौदा वर्षं लागणार होती. त्यानं खुर्चीची कड धरली.

“साहेब, आमच्याकडं दही संपलं की शेजारून विरजण आणतात. आईचं संपलं होतं. तिनं जिच्याकडं ठेवलं होतं तिच्याकडनं मी तिला परत दिलं. याला फसवणं म्हणत नाहीत.”

“ही दुसरी स्त्री तुमची कोण?”

“खाला.”

यंत्र अडखळलं. “मावशी? आईची बहीण?”

“नाही.”

“मग नातं काय?”

योएलनं विचार केला. “आईची चूल तिच्याकडं होती.”

अधिकाऱ्यानं भुवया उंचावल्या. “हे सिद्ध कसं होणार?”

“तुमच्याकडंच आहे. दहा वर्षांपूर्वी आई उतरली तेव्हा तुम्ही तिची डबी घेतली, गोठवून ठेवलीय. ती काढा. खालाच्या डबीशी लावून बघा. फांदी कधी फुटली ते मशीनलाच विचारा. आई गेली तेव्हाच फुटली नसेल तर मी परत येत नाही.”

अधिकाऱ्यानं काहीतरी टाइप केलं. “कळवू,” यंत्र म्हणालं.

कळवायला त्यांनी दीड महिना घेतला. त्या दीड महिन्यात योएलनं खालाला दोनदा विचारलं, समज जुळलं तर? दोन्ही वेळा ती म्हणाली, “बरं.”

निरोप आला तेव्हा तो भिंतीवर बसला होता, एक पाय अलीकडे, एक पलीकडे. फोननं वाचलं : “तिन्ही नमुने एका मूळ चुलीचे आढळले आहेत. शाखा फुटल्याचा काळ अर्जकर्त्या मातेच्या स्थलांतराशी जुळतो. अन्य कुटुंब अस्तित्वात नाही. वर्ग : पहिला.”

“काय म्हणतोय तो?” खालानं आतून विचारलं.

“म्हणतोय, आपण एकाच घरातले.”

“हे सांगायला एवढं मोठं मशीन?” खाला म्हणाली. पण तिनं पदर तोंडावर घेतला आणि तव्यावरची भाकरी करपली. दहा वर्षांत पहिल्यांदा.

*

निघायचा दिवस. मुंबईची गाडी संध्याकाळची. बर्फातले बूट घालून योएल खालाच्या दारात उभा होता. मामा रिक्षात बॅगा लावत होता. बोळात एकेका घरी दिवे लागत होते, सतारमेकरांच्या दुकानातून लाखेच्या पॉलिशचा वास येत होता. हा वास तिकडे पोस्टानं पाठवता येईल का, असं उगाच त्याच्या मनात आलं.

“गाडगं पालथं घालू नको,” तो म्हणाला.

“कोण खाणार?”

“मामाला घाल.”

“त्याला अंडी पुरेत.”

“माळीकाकूला दे.”

“त्या माळणीला? स्वतःचं कधी राखत नाही!”

“तू राख ना मग. खाला, ऐक की. तिकडं आईचं कधी नासलं, हीटर बंद पडला, काही झालं, तर मी मागायचं कुणाकडं?”

खाला आत गेली. आली ती गाडगं आणि चमचा घेऊन. “हात पुढं कर.”

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही द्यायचं असतं, ही रीत सगळ्यांनाच माहीत. पण दिवे लागलेले होते. योएलनं हात मागे घेतला. “तिन्हीसांज झाली, खाला. आता देत नाहीत.”

“देत कोण आहे?” ती म्हणाली. तिनं त्याचं मनगट ओढून तळहातावर चमचाभर दही ठेवलं. गार, घट्ट, धुराच्या वासाचं. “उसनं हाय हे. परत आणून द्यायचं. तुझ्या आईनं पण परत करायचंय अजून. दोघं मिळून या.”

रिक्षाचा हॉर्न वाजला. मामा ओरडला, “योल्या, गाडी काय तुझ्या बापाची आहे का रे?”

योएलनं तळहात चाटला. बोलायचं बरंच होतं, पण तोंडात दही होतं. तिनं त्याच्या गालाला हात लावला, पिठाचा. गालावरचं पीठ त्यानं तसंच राहू दिलं.

“खाला,” तो म्हणाला, “मला आता निघायला पाहिजे.”